संघ विकला म्हणे!

वाचकहो, कर्जत-खालापूरच्या पट्ट्यातल्या कुंभिवलीसारख्या गावी राहणाऱ्या माणसाची एक सोय असते आणि एक गैरसोय. सोय अशी की घाट चढून गेलं की पुणं आणि उलट दिशेने खाली गेलं की मुंबई. गैरसोय अशी की दोन्ही शहरांच्या वार्ता त्याच्या कानावर येतात, पण येतायेता त्या बऱ्याच फुगलेल्या असतात. भात कापून झाल्यावर मोकळ्या खाचरात चेंडू लाथाडणाऱ्या इथल्या पोराला जर कुणी विचारलं की बाबा रे, तुझा संघ कोणता, तर त्याला दोहोंपैकी एक शहर निवडावं लागतं. ते तो निवडतोही. मग एका उन्हाळ्यात कुणीतरी एस. टी.तून उतरतो आणि सांगतो, "तुमचा संघ विकला म्हणे!"

या 'म्हणे'चीच हकीकत मी आज सांगणार आहे. भूमका, आवई, कंडी, बोलवा असे कितीतरी शब्द आपल्या भाषेत त्यासाठी आहेत, आणि बहुतेक शब्दांना थोडासा कुचेष्टेचा वास आहे. भूमका उठवणारा तो रिकामटेकडा, अशी आपली समजूत. परंतु महाराष्ट्रातल्या धंदेवाईक फुटबॉलचा मागील पंधरा-वीस वर्षांचा इतिहास पाहिला तर काय दिसतं? संघ बंद होणार, विकला जाणार, दुसऱ्या गावी जाणार, अशा ज्या ज्या आवया उठल्या, त्यांतल्या बहुतेक खऱ्या ठरल्या. खोटी ठरली ती खुलाशांची भाषा. असं का व्हावं, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

मुंबईत फुटबॉल जुना. रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ साली सुरू झाली, आणि पहिली अनेक वर्षं ती गोऱ्या पलटणींचीच मिरासदारी होती. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती मोडली. पुढे १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हैदराबाद पोलिसांच्या संघाने हा चषक नेला. त्यांचे गुरू सय्यद अब्दुल रहीम, ज्यांच्या हाताखाली भारताचा संघ १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला. हैदराबादचं हे नाव लक्षात ठेवा, कारण आपल्या हकीकतीत ते पुन्हा येणार आहे, आणि जरा विचित्र रीतीने येणार आहे.

त्याच मेलबर्नला ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढवणारा नेव्हिल डिसोझा मुंबईचा, टाटा स्पोर्ट्‌स क्लबकडून खेळलेला. कूपरेजच्या मैदानावर तेव्हा संघ असत ते अशाच नावांचे: टाटा, मफतलाल, रेल्वे, बँका, कारखाने. खेळाडू हा त्या पेढीचा नोकर. सकाळी सराव करायचा, दुपारी कचेरीत हजेरी लावायची. पगार तुटपुंजा, पण महिन्याच्या महिन्याला हातात पडायचा. साहेबांची मर्जी फिरली आणि संघ मोडला, तरी टेबल-खुर्ची शाबूत राही. 'संघ बंद होणार' या आवईने खेळाडू हळहळे, पण त्याच्या घरची चूल विझत नसे. जुन्या व्यवस्थेची ही बाजू मला फार मोलाची वाटते. हौशी, कारकुनी फुटबॉल म्हणून त्या व्यवस्थेची पुष्कळ टवाळी झाली, आणि खेळाचा दर्जा पाहता ती काही अंशी रास्तही होती. पण ती मोडताना तिच्यातली ही एक हमीसुद्धा मोडली, याचा हिशेब कुणी मांडल्याचं आठवत नाही.

या जुन्या आणि नव्या काळाच्या सांध्यावर उभा असलेला संघ म्हणजे महिंद्र. १९६२ साली मोटारी बनवणाऱ्या कंपनीचा क्रीडा संघ म्हणून तो निघाला. पुढे 'महिंद्र युनायटेड' या नावाने तो नव्या धंदेवाईक जमान्यात उतरला. जीपगाड्यांमुळे लोक त्याला 'जीपमेन' म्हणत. फेडरेशन चषक त्याने २००३ आणि २००५ साली जिंकला, आणि २००५-०६ च्या हंगामात राष्ट्रीय लीग जिंकली. १९९६ साली सुरू झालेली ती राष्ट्रीय लीग आणि २००७ पासूनची तिची वारस आय-लीग मिळून, महाराष्ट्राच्या संघाला मिळालेलं ते एकमेव विजेतेपद. शिक्षक डेरिक परेरा, गोव्याचे. असा हा संघ २०१० साली कंपनीने बंद केला. दिवाळं वाजलं म्हणून नव्हे. कंपनी सुस्थितीत होती. पैसा आता शाळकरी मुलांच्या फुटबॉलवर खर्च करू, असं धोरण ठरलं. धोरण वाईट होतं असं कोण म्हणेल? पण अठ्ठेचाळीस वर्षांचा संघ मोडायचा की राखायचा, हे ठरवताना मैदानात येऊन बसणाऱ्याला कुणी विचारलं नाही. विचारायची रीतच नव्हती. संघ कंपनीचा होता आणि कंपनीने तो आवरला, इतकाच मामला. पुढच्याच वर्षी पंजाबात फगवाड्याचा जे. सी. टी. संघही असाच मिटला.

आता घाट चढून पुण्याला जाऊ. पुण्याची गंमत अशी की २००७ ते २०१९ या बारा वर्षांत त्या शहराने वरच्या दर्जाचे चार फुटबॉल संघ पाहिले आणि चारही घालवले.

पहिला पुणे एफ. सी. अशोक पिरामल समूहाने २००७ साली काढलेला. दोन वर्षांत तो आय-लीगमध्ये चढला, पहिल्याच हंगामात तिसरा आला, आणि २०१२-१३ साली तर दुसरा. मुलांची प्रबोधिनी त्यांनी मन लावून चालवली होती. दुसरा भारत एफ. सी., कल्याणी समूहाचा. तो खेळला एकच हंगाम, २०१५ सालचा, आणि तळाशी राहिला. त्याच वर्षी हे दोन्ही संघ राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले. तिसरा डी. एस. के. शिवाजियन्स. शिवाजियन्स हा पुण्यातला आधीचा क्लब, त्याला बांधकाम व्यावसायिकाचं पाठबळ मिळालं आणि तो आय-लीगला पोचला. दोन हंगाम खेळून २०१७ मध्ये तोही दिसेनासा झाला. मुंबईतही तेच. २००७ साली एस्सेल समूहाने काढलेला मुंबई एफ. सी. दहा वर्षं कूपरेजवर आणि इतरत्र झुंजला, २०१७ साली तळाला गेला, खालच्या वर्गात ढकलला गेला, आणि मालकांनी गाशा गुंडाळला. खालिद जमील यांनी पुष्कळ वर्षं तो थोड्या पैशांत तगवून धरला होता. हेच जमील २०२५ साली भारताच्या संघाचे प्रशिक्षक झाले.

आणि चौथा, ज्याच्यासाठी मी हा विषय घेतला, तो एफ. सी. पुणे सिटी.

२०१४ साली इंडियन सुपर लीग निघाली. सिनेमातले तारे, क्रिकेटवीर, उद्योगपती असे सगळे मालक म्हणून पुढे आले. पुण्याचा संघ वाधवान समूहाचा, सोबत नट हृतिक रोशन, आणि भागीदारीत इटलीतला फिओरेन्तिना क्लब. पहिल्याच वर्षी फ्रान्सचा विश्वविजेता दावीद त्रेझेगे बालेवाडीला खेळला. हा सगळा थाटमाट पाहून जुन्या पुणेकरांनी नाकं मुरडली असतील, पण पोरंटोरं गेली. नारिंगी रंग घातलेली, ढोल वाजवणारी मंडळी गोळा झाली. स्वतःला 'ऑरेंज आर्मी' म्हणवू लागली. पहिले तीन हंगाम यथातथाच गेले. चौथा मात्र, २०१७-१८ चा, गोड होता. मार्सेलिन्यो आणि अल्फारो ही जोडी गोल करीत सुटली, संघ चौथा आला, उपांत्य फेरी गाठली. बालेवाडीला बंगळूरशी गोलशून्य बरोबरी झाली; परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि स्वप्न संपलं. तरीसुद्धा पुणेकराला वाटलं की आता संघ रुजला. मुलींचाही संघ होता, देशातल्या पहिल्या महिला लीगमध्ये खेळलेला. बंद पडलेल्या पुणे एफ. सी.ची प्रबोधिनीसुद्धा याच क्लबने पदरात घेतली होती.

पुढच्या हंगामात चक्रं उलटी फिरू लागली. प्रशिक्षक अर्ध्यात गेला. संघ सातवा आला. आणि बोलवा सुरू झाली. आधी ती पगारांची होती: अमक्याचे पैसे थकले, तमक्याचे राहिले. वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांवर या बातम्या येऊ लागल्या. मग नवीन गिऱ्हाइकाची कुजबुज. मग शहराचं नाव घेऊन: हैदराबाद. वाचकहो, अशा आवईचा एक क्रम असतो आणि तो जगभर सारखाच दिसतो. सुरुवात पैशापासून होते, कारण पैसे थकले की ते सर्वांत आधी खेळाडूला कळतं, आणि खेळाडूला मित्र असतात. मधल्या काळात कचेरीतून एक गुळमुळीत खुलासा येतो, ज्यात 'सध्या', 'तूर्त', 'योग्य वेळी' असे शब्द फार. शेवट हंगाम तोंडावर आल्यावर होतो, कारण तेव्हा नाव नोंदवावंच लागतं.

इथे पैशाची गोष्ट आडपडदा न ठेवता सांगितली पाहिजे. वाधवान घराण्याची मोठी पेढी म्हणजे घरांसाठी कर्ज देणारी डी. एच. एफ. एल. देशातल्या वित्तसंस्थांवर २०१८ च्या शरदात जे संकट आलं त्याच्या तडाख्यात ती सापडली. जून २०१९ मध्ये तिची देणी चुकू लागली. नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने तिचं संचालक मंडळ बाजूला सारलं आणि प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणाकडे गेलं. ज्या घरावर इतकं आभाळ कोसळत होतं, त्या घरात फुटबॉल संघाचा विचार कितवा आला असेल, ते तुम्हीच ठरवा. बालेवाडीच्या पायऱ्यांवर बसलेल्या मुलाला बचावपटूची चूक दिसत होती. त्याच्या संघाचं भवितव्य ठरत होतं ते गृहकर्जांच्या बाजारात.

२७ ऑगस्ट २०१९ रोजी हैदराबाद एफ. सी.ची स्थापना जाहीर झाली. पुण्याची जागा तिने घेतली. मालक नवे, विजय मद्दुरी आणि वरुण त्रिपुरनेनी. नाव नवं, रंग पिवळा. कायद्याच्या कागदावर हा वेगळा संघ. पण मार्सेलिन्यो तिथे, आदिल खान तिथे, निखिल पुजारी तिथे, प्रशिक्षक फिल ब्राऊनसुद्धा तेच. याला संघ हलला म्हणायचं की एक संघ मेला आणि दुसरा जन्मला म्हणायचं? वकील एक सांगेल, ढोल वाजवणारा दुसरं सांगेल. मला ढोलवाल्याचं पटतं. पुण्याच्या संघाला ना निरोपाचा सामना मिळाला, ना शेवटची टाळी. मार्चमध्ये हंगाम संपवून लोक घरी गेले ते पुढच्या वर्षी येऊ म्हणून.

त्याच आठवड्यात दिल्लीच्या 'डायनामोज' संघाने बिऱ्हाड भुवनेश्वरला नेलं आणि ओडिशा एफ. सी. हे नाव घेतलं. म्हणजे एका ऑगस्टात दोन शहरांचे संघ गेले. पण दिल्लीच्या गोष्टीला पुढे एक वळण आहे, ते सांगतोच.

हैदराबादकडे पाहा. रहीमसाहेबांच्या त्या शहरात मधल्या काळात फुटबॉल फार मागे पडला होता. पुण्याहून गेलेला हा संघ पहिल्या हंगामात शेवटच्या क्रमांकावर राहिला. मग मानोलो मार्केझ नावाचा स्पॅनिश प्रशिक्षक आला, त्याने तरुण देशी खेळाडू हाताशी धरले, आणि २० मार्च २०२२ रोजी गोव्याच्या फातोर्डा मैदानावर केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून हैदराबाद विजेता झाला. गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी, गोव्याचा, त्याने तीन फटके अडवले. पुण्यात तो सामना पाहणाऱ्यांना काय वाटलं असेल? आपल्या अंगणातून उपटून नेलेलं झाड दुसऱ्याच्या परसात फळलं की माणूस हसतोही आणि डोळेही पुसतो.

पण फळ एकाच मोसमाचं. दोन वर्षांत हैदराबादलाही तीच बोलवा: पगार थकले, खेळाडू सोडून चालले, जागतिक संघटनेने नवीन खेळाडू घ्यायला बंदी केली. २०२३-२४ च्या हंगामात संघाने एकच सामना जिंकला. २०२४ मध्ये जिंदल समूहाच्या एका शाखेने तो घेतला, आणि २०२५ च्या शरदात तो दिल्लीला हलवला. नाव 'स्पोर्टिंग क्लब दिल्ली'. सहा वर्षांपूर्वी ज्या दिल्लीचा संघ ओडिशाने नेला, त्या दिल्लीला पुण्याचा संघ हैदराबादमार्गे मिळाला! संगीत खुर्चीच ती. फरक इतकाच की इथे खुर्ची उचलून नेतात आणि बसणारा उभाच राहतो.

आता तुम्ही विचाराल, संघ हलवणं इतकं सोपं कसं? त्याचं उत्तर रुक्ष आहे, पण सगळी मेख तिथेच आहे. नव्या लीगमधल्या मालकाकडे नक्की काय असतं? मैदान त्याचं नसतं. ते सरकारचं किंवा एखाद्या संस्थेचं, भाड्याचं. खेळाडू एक-दोन वर्षांच्या कराराने. सभासद नाहीत, त्यामुळे वार्षिक सभा नाही, मतं नाहीत. त्याच्या पेटीत एकच चीज असते: लीगमध्ये खेळण्याचा हक्क. दर वर्षी तोटा सोसून तो हक्क जपायचा आणि कंटाळा आला की विकायचा. हक्काला मुळं नसतात, तो कुठल्याही गावी लागू पडतो. आणि त्या लीगचंही मूळ भाडेपट्ट्यासारखंच: अखिल भारतीय महासंघाने २०१० साली पंधरा वर्षांसाठी सातशे कोटी रुपयांना व्यापारी हक्क दिले होते. तो करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला, आणि त्याच्या आधीच २०२५-२६ चा हंगाम अडकून पडला. भाडेकरूचा भाडेकरू म्हणतात तसली ही अवस्था.

गोव्यात गोष्ट जरा वेगळी, म्हणून ती सांगितली पाहिजे. साळगावकर, धेंपे, स्पोर्टिंग हे क्लब मोठ्या घराण्यांच्या आश्रयाचे होते खरे, पण ते गावात मुरलेले होते. साळगावकर १९५६ पासूनचा, धेंपो क्लबने राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवलेलं. २०१६ साली महासंघाने नव्या लीगला वरचा दर्जा द्यायचं ठरवलं तेव्हा या तिघांनी रागाने राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतलं. मालकांनी संघ मिटवले असं म्हणता येणार नाही. ते गोव्याच्या आपल्या लीगमध्ये खेळत राहिले, आणि धेंपो तर पुढे पुन्हा राष्ट्रीय पातळीवर आला. विकले गेले नाहीत, हलले नाहीत. साळगावकर क्लब उद्या लखनौला जाणार, अशी आवई वास्कोच्या बाजारात कुणी उठवली तर लोक त्याला चहा पाजून घरी पाठवतील.

कलकत्त्याला मोहन बागानचंही तेच. १८८९ चा क्लब, मैदान आहे, सभासद आहेत. २०२० साली त्याचा फुटबॉल संघ एका व्यापारी समूहाच्या ए. टी. के. संघात मिसळला गेला, तेव्हा नावापुढची ती तीन अक्षरं काढा म्हणून लोकांनी पिच्छा पुरवला, आणि २०२३ साली ती काढावी लागली. त्याऐवजी जोडलं गेलं 'सुपर जायंट'. पुणेकर वाचक इथे दचकतील. बरोबर आहे, याच समूहाचा पुण्याचा क्रिकेट संघ दोन वर्षं त्याच नावाने खेळून २०१७ साली अंतर्धान पावला होता. पुण्याच्या नशिबी नावंसुद्धा उरली नाहीत ती अशी.

हे दुखणं आपलंच आहे असं मात्र समजू नका. इंग्लंडातल्या विम्बल्डन क्लबची कथा फुटबॉलच्या जगात या बाबतीत सर्वांत प्रसिद्ध आहे. १८८९ साली निघालेला छोटा क्लब; १९८८ साली त्याने बलाढ्य लिव्हरपूलला हरवून एफ. ए. चषक जिंकला. १९९१ मध्ये आपलं प्लाव लेनचं मैदान सोडून तो दुसऱ्याच्या मैदानावर भाडेकरू झाला, आणि तिथपासून आवया सुरू झाल्या. एकदा तर डब्लिनला, म्हणजे परदेशात जाणार अशी बोलणी निघाली. अखेर २८ मे २००२ रोजी तीन जणांच्या मंडळाने संघाला मिल्टन कीन्स या नव्या वसाहतीत जायला परवानगी दिली. अंतर शंभर किलोमीटरच्याही आत. आपल्याकडे मुंबईहून कर्जतला नोकरीवाला जवळजवळ तेवढा प्रवास रोज करतो. पण तिथल्या लोकांनी तो विश्वासघात मानला. त्यांनी काय केलं? काही आठवड्यांतच नवा क्लब काढला, ए. एफ. सी. विम्बल्डन. खेळाडू हवेत म्हणून गावच्या माळावर उघडी चाचणी ठेवली. पार नवव्या पायरीपासून खेळायला लागले. क्लबची मालकी प्रेक्षकांच्या न्यासाकडे. २०११ साली तो फुटबॉल लीगमध्ये पोचला, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये प्लाव लेनवर परत आला. अठरा वर्षं लागली. जर्मनीत तर १९९८ पासून नियमच आहे की क्लबच्या मतांपैकी निम्म्याहून एक तरी जास्त मत सभासदांच्या हाती राहिलं पाहिजे. ठरलेले थोडे अपवाद सोडले, तर तिथे धनी कितीही मोठा असो, संघ उचलून चालू पडता येत नाही.

दुसरी कथा अमेरिकेतली, आणि आपल्याला उपयोगी पडेल अशी तीच. ओहायो राज्यातल्या कोलंबस शहराचा 'क्रू' नावाचा संघ. ऑक्टोबर २०१७ मध्ये मालकाने सांगितलं की नवीन मैदान मिळालं नाही तर मी संघ टेक्सासमधल्या ऑस्टिनला नेईन. लोक रस्त्यावर उतरले, पण निव्वळ घोषणांनी भागलं नसतं. त्यांच्या हाताशी एक कायदा होता, १९९६ चा. त्याआधी क्लीव्हलंड शहराचा एक नावाजलेला संघ असाच निघून गेला होता, त्या संतापातून तो झाला. कायदा म्हणतो: जो संघ जनतेच्या करातून मदत मिळालेल्या मैदानावर खेळतो, त्याला गाव सोडायचं तर सहा महिने आधी नोटीस द्यावी, आणि त्या मुदतीत गावातल्या लोकांना तो विकत घेण्याची संधी द्यावी. राज्य सरकार कोर्टात गेलं. वेळ मिळाला. त्या वेळात गावातली गिऱ्हाइकं पुढे आली, आणि २०१८ च्या अखेरीस व्यवहार ठरला. संघ कोलंबसलाच राहिला, आणि २०२० साली तो देशाचा विजेता झाला. ऑस्टिनलाही पुढे स्वतःचा वेगळा संघ मिळाला, म्हणजे कुणाचंच नुकसान झालं नाही.

आता बालेवाडीकडे परत येऊ. ते संकुल कुणाचं? १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी महाराष्ट्र शासनाने बांधलेलं, तुमच्या-आमच्या पैशातून. पुणे सिटी त्याच गवतावर पाच हंगाम खेळला. मैदानाचा भाडेकरार करताना शासनाने एक कलम घातलं असतं, की संघ हलवायचा किंवा विकायचा झाल्यास सहा महिने आधी जाहीर नोटीस द्यावी, तर त्याला एक पैसाही पडला नसता. त्यामुळे संघ वाचलाच असता असं मी म्हणत नाही. ज्या घरावर कर्जदार चालून आले होते त्याला कलम काय करणार? पण मार्च ते ऑगस्ट हे पाच महिने पुण्याने अंधारात काढले नसते. कुणी सांगावं, तेवढ्या अवधीत एखादा पुणेकर उद्योजक, एखादी सहकारी संस्था, निदान सह्या गोळा करणारी पोरं तरी उभी राहिली असती. आपल्याकडे साखर कारखाना सभासदांचा असतो, दूधसंघ सभासदांचा असतो, गावची पतपेढी असते. फुटबॉलचा संघ सभासदांचा असू नये असं कुठे लिहिलंय? सहकाराची बदनामीही आपल्याकडे कमी नाही, हे कबूल. पण कारखाना एका रात्रीत तेलंगणात गेला असं काही अजून ऐकलेलं नाही.

आवई खोटी असण्याचाही प्रसंग येतो, तो सांगायला हवा. २०१८ साली सचिन तेंडुलकरने केरळ ब्लास्टर्स संघातला आपला हिस्सा सोडला. त्या सुमारास एका मोठ्या आखाती व्यापाऱ्याने तो सगळा क्लब घेतला अशी बातमी झाली, आणि क्लबने ती साफ नाकारली. सचिन गेला हे खरं, व्यापारी आला हे खोटं. अर्धी खरी, अर्धी खोटी. सामान्य प्रेक्षकाने त्यातलं कुठलं अर्ध धरायचं? खुलासा करणं कुणावर बंधनकारक नसेल तर त्याच्या हाती 'म्हणे' एवढाच शब्द उरतो.

घाटाखालच्या मुलाला सध्या राहिला आहे तो मुंबई सिटी. रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांचा हा संघ. २०१९ च्या नोव्हेंबरात मँचेस्टर सिटीवाल्या समूहाने त्यातला ६५ टक्के वाटा घेतला आणि पैशाचा, शिस्तीचा असा काही ओघ आला की २०२०-२१ मध्ये संघाने दोन्ही मान एकाच हंगामात मिळवले, आणि २०२४ साली चषक पुन्हा आणला. मग लीगचंच भवितव्य अधांतरी झालं, आणि डिसेंबर २०२५ मध्ये तो समूह बाहेर पडला. संघ पुन्हा मूळ मालकांकडे आला. त्याआधी काही महिने कर्जतच्या लोकलमध्ये, खालापूरच्या टोलनाक्याजवळच्या चहाच्या टपरीवर, कोण काय म्हणत असेल ते तुम्हाला सांगायला नको.

अंधेरीचं ते मैदान मुंबई महानगरपालिकेच्या जागेवर आहे. त्याच्या पुढच्या भाडेकरारात काय लिहायचं, हे अजून ठरवता येण्यासारखं आहे.